मावशी

‘माय मरो, पण मावशी जगो’ ही म्हण गेले आठ दिवस डोक्यातून जात नाहीये. लहानपणी मावशी लाडवांचा डबा घेऊन दारात उभी राहिली, की घरात कुणीतरी ती म्हणायचंच, आणि आईसुद्धा हसायची. आता वाटतं, तिच्यादेखत तिचं मरण बोललं जायचं आणि ती हसायची कशी?

मुळात ही म्हण पहिल्यांदा म्हटली कुणी असेल? मुलानं नक्कीच नाही. मावशीच्याही तोंडून असं निघणार नाही. मग उरते ती आईच. अंथरुणाला खिळलेली कुणी बाई बहिणीकडे बघून म्हणाली असेल, मी गेले तर जाऊ दे, पण ही राहू दे. माझ्या पोराला कुणीतरी हवं. याला आधार काही नाही, माझ्याच मनानं घेतलंय. पण तेव्हापासून त्या ‘मरो’वरून पुढे सरकता येत नाही.

२०१३ साली मी तीन आठवडे नेपाळमध्ये, ललितपूरच्या एका बालगृहात काम करायला गेले होते. त्यासाठी पैसे भरले होते. सकाळी मुलींच्या वेण्या घालायच्या, दुपारी इंग्रजी शिकवायचं. बऱ्याच मुली हुमला जिल्ह्यातल्या होत्या. तिथल्या सिमीकोटला तेव्हा विमानानं जायचं, नाहीतर कित्येक दिवस चालत. १९९६ ते २००६ या युद्धाच्या काळात माओवादी पोरं उचलून नेतील या धास्तीनं, आणि युद्ध संपल्यावर शाळेच्या आशेनं, तिकडच्या आईबापांनी दलालांच्या हाती मुलं दिली. वर पैसेही दिले. काठमांडूत पोचेपर्यंत त्यातल्या कितीतरी मुलांच्या कागदांवर आईबाप मेलेले असत. हे मी परत आल्यावर वाचलं. २०१५च्या भूकंपानंतर युनिसेफनं सांगितलं, की नेपाळच्या बालगृहांतल्या शंभरातल्या किमान ८५ मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. आणि बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन या पाचच जिल्ह्यांत. म्हणजे आम्ही पाहुणे जिथे उतरत होतो, तिथेच.

माय कागदावर मेली, म्हणून मला मावशी होता आलं. तिथे मुली मला दिदी म्हणत. नेपाळीत आईच्या धाकट्या बहिणीला सानीआमा म्हणतात, लहान आई. आपल्या ‘मावशी’तही मूळ संस्कृत शब्द ‘आईची बहीण’ एवढंच सांगतो. आई असल्याशिवाय हे नातंच जमत नाही.

मी चौथीत असताना आई दवाखान्यात होती, तेव्हा मावशी येऊन राहिली होती. पहिल्या सकाळी माझ्या पाठीशी फणी घेऊन बसली आणि म्हणाली, “ताई कशी घालते गं तुझी वेणी?” मी सांगितलं, घट्ट, आणि रिबिनीचं फूल डाव्या बाजूला. तिचं फूल रोज ढिलं व्हायचं, रोज ती मला विचारून पुन्हा बांधायची. महिनाभर तिनं स्वतःच्या पद्धतीनं एकदाही वेणी घातली नाही. मला परत द्यायचं आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी त्या मुलींना कधीच विचारलं नाही.

जायला नको होतं असं म्हणावं, तर एक आठ वर्षांची मुलगी माझ्या मांडीला टेकून बसायची, ते आठवतं. तिच्या केसांत लिखा होत्या, त्या काढताना ती गप्प बसायची, कधीकधी झोपायची. ते खोटं नव्हतं. पण माझ्यानंतर दुसरी दिदी आली असेल, मग तिसरी, आणि ती प्रत्येकीच्या मांडीवर तशीच झोपली असेल. प्रत्येक वेळी कुणीतरी बॅग भरून निघालं असेल. हे एका पारड्यात आणि त्या लिखा दुसऱ्या, असं ठेवून पाहिलं तरी मला काही ठरवता येत नाही.

एकदा मी तिचा भांग बाजूला पाडला, तर तिनं माझा हात धरून फणी मधोमध आणली. म्हणाली, “आमाले यसरी कोर्नुहुन्छ.” आमा असे केस विंचरते. बालगृह सांभाळणाऱ्या बाईंनाही मुली आमाच म्हणत, तेव्हा त्यांच्याबद्दलच बोलतेय असं मी धरून चालले. ती ‘कोर्नुहुन्छ’ म्हणाली, विंचरते, की ‘कोर्नुहुन्थ्यो’, विंचरायची? माझं नेपाळी तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचं होतं. भांग मात्र मी तिनं दाखवला तसा पाडला, मधोमध, आणि तिनं मागे न वळता बोटानं तो एकदा चाचपून पाहिला.