नॅझरेथची साखरबिस्किटें

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत नॅझरेथ नांवाचें लहानसें गांव आहे. मोरेव्हियन पंथाच्या लोकांनीं तें १७४० सालीं वसविलें. तेथील साखरबिस्किटें आजहि प्रसिद्ध आहेत. नाताळांत आम्ही तेथें गेलों, तेव्हां यजमानांच्या शेजारच्या वृद्ध बाई तारे व घंटा कापून भट्टींत भाजीत होत्या. वर पिठीसाखर व अंड्याचा पांढरा बलक यांचा रंगीत लेप. मातोश्रींनीं हात आंवरला. आम्हीं संकोचानें कारण सांगितलें. बाईंनीं लगेच निराळें भांडें घेऊन लोणी, साखर व दूध यांत पीठ मळलें आणि लेप लिंबाच्या रसांत कालविला. तांबडा तारा मातोश्रींनीं आवडीनें खाल्ला. घरीं परतल्यावर संक्रांतीस त्यांनीं शेगडीपाशीं बसून काटेरी हलवा केला. त्याची पहिली पुडी नॅझरेथला रवाना झाली.