साडेदहाचं जेवण

रविवारी सकाळी दहा ते साडेबारा ही वेळ मराठी घरात कुणाच्याच मालकीची नसते. पोह्यांच्या बशा सिंकमध्ये पडलेल्या असतात. मटण आणायला गेलेला माणूस रांगेत असतो. आंघोळीला आधी कोण जाणार यावर सौम्य भांडण चाललेलं असतं आणि खरं जेवण दीड-दोनच्या आत पानात पडत नाही. मुंबईत गेल्या काही वर्षांत या बेवारस वेळेवर ब्रंचने, म्हणजे न्याहारी आणि दुपारचं जेवण एकत्र करणाऱ्या खाण्याने, कब्जा केला आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून मित्रमैत्रिणींच्या व्हॉट्सॅप गटात खलबतं सुरू होतात. कुठे जायचं, टेबल मिळेल का, वांद्रे की काळा घोडा, आणि हॉटेलातल्या बुफेची ही किंमत माणशी आहे की काय!

१८९५मध्ये गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने ‘हंटर्स वीकली’मध्ये ब्रंचची वकिली केली होती. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्या माणसाला रविवारी भल्या सकाळी न्याहारीला उठवू नका आणि चर्चहून आल्यावर त्याच्यापुढे जड मांसाहार ठेवू नका, मधल्या वेळी एकदाच काहीतरी चांगलं खाऊ घाला, एवढंच त्याचं मागणं. चैनीच्या माणसाने चैनीच्या माणसांसाठी केलेलं. मुंबईत मात्र याच वेळी पोटभर खाण्याची पद्धत चैनीतून आली नाही, कारकुनीतून आली. चाळीतले आजोबा साडेनऊला आमटी-भात जेवून लोकल गाठायचे. आयुष्यभर ते घड्याळाकडे बघत, घाईघाईने जेवले. रविवारी उशिरा, निवांत, पाटावर बसून जेवायला मिळणं हीच त्यांची सुट्टी. त्यांना आज कोणी ‘रविवारी सकाळी साडेदहाला जेवायला बाहेर जाऊ’ म्हटलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं, ‘का रे, आज ऑफिस आहे?’

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणूनच चांगला ब्रंच शोधायचा तर ज्या खानावळींना साडेदहाच्या भुकेची जुनी ओळख आहे, तिथे तो शोधावा, असं माझं मत झालं आहे.

नव्या कॅफेंना मी नावं ठेवणार नाही. पाव किलो पालेभाजीच्या किमतीत तिचं एक पान, तेही टोस्टवर, हे पचवायला थोडं जड जातं खरं; पण मुंबईतली घरं पाहिली की त्यांची गरज कळते. चार माणसं आली की पाचव्याला पलंगावर बसावं लागतं, आणि गप्पा रंगल्या की शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलाची कुरबुर सुरू होते. कॅफेत आपण दोन तासांसाठी दिवाणखाना भाड्याने घेतो. अंडी, पाव आणि कॉफी ही त्या भाड्याची पावती. पंचतारांकित बुफेचं मात्र मला जमत नाही. तिथे काही हजार रुपये मोजल्यामुळे माणूस भुकेसाठी खात नाही, वसुलीसाठी खातो. तिसऱ्या फेरीला तोंडावर जी जिद्द दिसते, ती रविवारी शोभत नाही.

मग जुन्यांकडे जावं, तर तिथेही एक मेख आहे. फोर्टातली बरीचशी जुनी उपाहारगृहं कचेऱ्यांच्या जिवावर वाढली. रविवारी कचेऱ्या बंद, रस्ते ओस, तव्यांना विश्रांती. ज्या भागात लोक राहतात, तिथलाच तवा रविवारी तापलेला असतो. आणि अशा भागांत माटुंग्याला तोड नाही.

माटुंगा हे नकाशावर आधी आखून मग वसवलेलं उपनगर. १८९६च्या प्लेगने गिरगाव-मांडवीच्या दाट वस्तीचे हाल केल्यावर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, झाडं, मोकळी मैदानं अशी आखणी झाली. पुढे दक्षिणेतून नोकरीसाठी आलेले टंकलेखक, लघुलेखक, हिशेबनीस इथे येऊन राहिले. एकट्या माणसाला सकाळी ऑफिसला जाण्याआधी भात-सांबार हवं. त्या गरजेतून बोर्डिंगं निघाली. ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. स्टेशनलगतच्या मंडईच्या इमारतीत, जिना चढून वर जायचं. तिथे आजही सकाळी साडेदहाच्या सुमारास केळीची पानं मांडली जातात. कारकून गेला, त्याची वेळ तिथेच राहिली. वरणभात, रसम, पापड, ताक, सगळं पानात. आग्रह नाही, पण हात आखडता नाही. मधल्या वेळच्या जेवणासाठी बेरिंजरला लेख लिहावा लागला. इथे ते जेवण रोजचंच.

ज्यांना एवढ्या सकाळी भात नको, त्यांनी स्टेशनाजवळच्या राम आश्रयमध्ये शिरावं. ते १९३९चं. तिथल्या शिऱ्यात अननसाचे तुकडे असतात आणि अननस नसेल त्या दिवशी दुसरं फळ असतं. किंवा भाऊ दाजी रोडवरच्या कॅफे मद्रासला जावं, ते १९४०चं. रसमात बुडवलेली इडली, नाचणीचा डोसा, आणि वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत ओतत निववायची कॉफी. दाराशी वही घेऊन एक माणूस उभा असतो. मुंबईतला सगळ्यात सत्ताधारी माणूस.

‘किती जण?’

‘दोघं.’

‘शेअरिंग चालेल?’

चालेल म्हणावं. ‘नाही’ म्हणणारी जोडपी फुटपाथवर तिष्ठत राहतात आणि ‘हो’ म्हणणारी पुढे सरकतात. आत गेल्यावर समोर एखादे अनोळखी मामा-मामी, त्यांच्या मधोमध चटणीची वाटी. पहिल्या घासाला संकोच, दुसऱ्याला ‘इथल्या बटर इडलीचा तुकडा घेऊन बघा’. पदार्थ सांगितल्यावर पाणी पिऊन होईस्तोवर समोर येतो, कारण आपल्या खुर्चीमागे पुढचा माणूस उभा आहे. त्याची नजर आपल्या मानेला जाणवते. नव्या कॅफेची सवय असलेले यावर चिडतात, की ही काय रविवारची मजा? माझं म्हणणं उलट आहे. डोसा हा थांबण्याचा पदार्थच नाही. कुरकुरीतपणा गेला की त्याचं कापड होतं. खाणं झटपट व्हावं आणि निवांतपणा रस्त्यावर मिळावा, ही माटुंग्याची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

आणि रस्ता आहेच तसा. स्टेशनाबाहेर फुलवाल्यांच्या ओळी, मोगऱ्याचे आणि अबोलीचे गजरे, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, केळीच्या पानांच्या जुड्या. आस्तिक समाजाच्या देवळातून येणारी माणसं, कपाळाला गंध, हातात कॉफीपूड ताजी दळून घेतलेली. पुढे किंग्ज सर्कलचं महेश्वरी उद्यान, तिथल्या कोपऱ्यावर कूलर अँड कंपनी, १९३२चा इराणी. सोबतच्या कोणाला डोशाचा कंटाळा आला असेल तर त्याला तिथे ऑम्लेट-पाव आणि पानी कम चहा. आणखी चालायची तयारी असेल तर पाच उद्यानांकडे वळावं. पारशी कॉलनीतल्या झाडांखाली बाक रिकामा मिळतो आणि तिथे कोणी बिल आणून ठेवत नाही. मित्रांशी जे दोन तास बोलायचं होतं, ते इथे बोलावं. भाडं शून्य. तासाभराने पुन्हा भूक लागल्यासारखं वाटतं, तेव्हा रामा नायकांचा जिना चढायला हरकत नाही. आधी इडली, मग चालणं, मग भात. एकाच छपराखाली सगळं मिळावं असा हट्ट सोडला की मुंबईत चांगला ब्रंच सापडतो.

पोटाला नाही, पण नियोजनाला एक शत्रू आहे: मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकलचा खोळंबा. मध्य रेल्वे रविवारचं जे प्रसिद्धिपत्रक काढते, त्यात ‘माटुंगा ते मुलुंड’ हे शब्द इतक्या वेळा येतात की ठाणे-डोंबिवलीच्या माणसाला माटुंगा हे स्टेशन जेवायचं ठिकाण म्हणून नव्हे, ब्लॉकचं टोक म्हणून पाठ असतं. हा ब्लॉक बहुधा अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो, म्हणजे नेमका आपल्या साडेदहाच्या जेवणावर घाला. तेव्हा शनिवारचं वर्तमानपत्र राशिभविष्यासाठी नाही, या पत्रकासाठी उघडा. ब्लॉक असेल तर नऊच्या आत पोहोचा. रांगही लहान असते आणि शिराही गरम. पश्चिमेकडून येणाऱ्यांनी माटुंगा रोडला उतरून पुलावरून पूर्वेला यावं.

आणि रविवार हुकला म्हणून सोमवारी सुट्टी टाकून जाऊ नका. रविवारी अख्खी मुंबई जेवून गेलेली असते. सोमवारी कॅफे मद्रास बंद, रामा नायकही बंद.