चौथी वही

प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटात तीन वह्या असतात : स्नानसंस्काराची, विवाहाची आणि मृत्यूची. नाव चुकू नये, तारीख राहू नये, शाई पुसट होऊ नये, हे सेमिनरीत आम्हांला कसोशीने शिकवले गेले होते. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, वैनगंगेच्या अलीकडच्या एका लहान धर्मग्रामात माझी नेमणूक झाली, तेव्हा तिथल्या वह्यांची टापटीप पाहून मला समाधान वाटले. त्या वह्यांत कोण नाही, हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो एका आरोग्यसेविकेने विचारला.

२००३ च्या सुमारास आम्ही आसपासच्या बारा गावांत आरोग्यसेविकांची योजना चालवीत होतो. गावातलीच एक बाई निवडायची, तिला प्राथमिक शिक्षण द्यायचे, औषधांची पेटी सोपवायची. कल्पना आमची नव्हती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि अल्पशिक्षित स्त्रीही गावाच्या आरोग्याची राखण करू शकते, हे दाखवून दिले होते.

वर्षअखेर मी अहवाल लिहिला : शिबिरे किती झाली, गोळ्या किती वाटल्या, बैठकांना किती स्त्रिया आल्या. पाठवण्यापूर्वी तो सेविकांना वाचून दाखवला. सर्वांनी माना डोलावल्या. एक पन्नाशीची सेविका तेवढी गप्प होती. शेवटी म्हणाली, “फादर, सारं लिवलं. पन आमच्या गावचे तीन लेकरं कोठं लिवले?”

त्या वर्षी तिच्या गावात तीन बाळे जन्मून आठवड्याच्या आत गेली होती. बारसे झाले नव्हते, म्हणून त्यांना नावे नव्हती. घरच्यांनी त्यांना शेताच्या कडेला पुरले आणि ते रोवणीला लागले. मी त्या गावी वर्षभरात अनेकदा गेलो होतो. मला कुणी सांगितले नाही; खरे म्हणजे मी कुणाला विचारले नाही.

ती बोच घेऊन मी नदी ओलांडून गडचिरोलीला गेलो. धानोरा रस्त्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे. तिथल्या कामाबद्दल आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. मला जाणून घ्यायचे होते ते एवढेच : आपले काम उपयोगी पडले, हे ही माणसे कशावरून ठरवतात?

उत्तर साधे होते, पण सोपे नव्हते. त्यांनी औषध देण्याआधी मोजायला सुरुवात केली. १९९३ ते १९९५ या दोन वर्षांत त्यांनी ३९ गावांत आणि तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला. त्या ३९ गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ महिन्याच्या आत दगावत होती. मग गावातल्याच आरोग्यदूत स्त्रियांनी बाळाच्या घरी जाऊन वजन घेणे, ताप पाहणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाला इंजेक्शन देणे हे सारे केले. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नोंदी दुसऱ्या माणसांनी घरोघर फिरून पडताळल्या होत्या, म्हणूनच जगाने त्यांवर विश्वास ठेवला.

त्या ४७ गावांचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. तिथे नेहमीची सरकारी सेवा चालू होती, परंतु नवी सेवा नव्हती. ती गावे नसती, तर मात्र फरक सेवेमुळे पडला की चांगल्या पावसामुळे, हे कुणालाच सांगता आले नसते आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळाची घरोघर काळजी घेण्याचे काम देशभरच्या ‘आशां’वर सोपवले, तेही कदाचित घडले नसते. नीतिशास्त्र मी सेमिनरीत शिकलो. या हिशेबाचे उत्तर मला तिथे मिळाले नाही.

परत येऊन आम्ही चौथी वही घातली. प्रत्येक सेविकेने आपल्या गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू तीत लिहायचा, जातधर्म न पाहता. पहिल्याच वर्षी मृत्यूंचा आकडा आधीच्या अहवालापेक्षा पुष्कळ वाढला. आधी मोजलेच नव्हते, तेव्हा वाढणारच! मदत करणाऱ्या संस्थेला मी तसे कळवले. त्यांचे उत्तर आले : योजना चालू असताना मृत्यू वाढत असतील, तर तिचा फेरविचार करावा लागेल. पुढल्या वर्षी मदत निम्मी झाली. गोळ्यांचा हिशेब देत होतो, तेव्हा आम्ही यशस्वी होतो.

वाचकहो, हा मोह एकट्या त्या संस्थेचा नाही. २०११ च्या त्या सरकारी योजनेत घरभेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये देण्याचे ठरले. पावसाळ्यात नाला ओलांडून जाणाऱ्या बाईला ते थोडेच होते. पण आपण जे मोजतो, तेच हळूहळू काम होऊन बसते. भेट झाली, रकाना भरला. बाळाच्या अंगावरचे फडके सोडून वजन घेतले का, हे रकाना सांगत नाही. ते पाहायला कुणीतरी सोबत जावे लागते आणि वाईट बातमी आणणाऱ्या सेविकेला रागे न भरण्याचे मन लागते.

आमच्या बारा गावांच्या आकड्यांवरून मी काही सिद्ध करू शकत नाही. ते फार थोडे आहेत. एवढे सांगू शकतो की त्यानंतर सेविका मृत्यू लपवीनाशा झाल्या आणि आजारी बाळाचा निरोप रात्रीबेरात्री येऊ लागला.

नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधात निघालेल्या मेंढपाळावर मी किती प्रवचने केली असतील! एक हरवले हे कळण्यासाठी त्याने आधी सगळी मोजली असली पाहिजेत, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

चौथी वही आता इतर तिघींशेजारी असते. नावाच्या रकान्यात बहुधा ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’ एवढेच आणि पुढे दिवस : पहिला, तिसरा, नववा. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मी ती वेदीवर नेतो आणि एकेक ओळ वाचतो. पहिल्या पानावरच्या तीन ओळी त्या सेविकेने स्वतः लिहिल्या आहेत.