पदवी, परिपत्रक आणि ‘मी आलो’

सीमाभागातील मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत पदवीधर शिक्षक म्हणून रुजू होणाऱ्या तरुणाची गाठ पहिल्याच आठवड्यात तीन भाषांशी पडते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर कन्नड असते. पाठ्यपुस्तकात भाषांतरित मराठी असते. बाकांवर बसलेल्या मुलांच्या तोंडी जी मराठी असते, ती या दोन्हींहून निराळी. खानापूर तालुक्यातील एका गावी आम्ही रुजू झालो, तेव्हा आमच्यापाशी इतिहासाची पदवी होती, बी.एड. होते आणि शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रमाणपत्रही होते. या तीन भाषांच्या मधोमध उभे राहून शिकवायचे कसे, याविषयी त्या तिन्ही कागदांत एक ओळ नव्हती.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांसाठी थोडे विवरण करावे लागेल. कर्नाटकात पहिली ते पाचवीस शिकविणारे शिक्षक वेगळे आणि सहावी ते आठवीसाठी नेमलेले पदवीधर प्राथमिक शिक्षक वेगळे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, असे तो सांगतो. कागद हा असा आहे. प्रत्यक्षात जागा रिकाम्या राहतात, अतिथी शिक्षकांवर वर्ष काढले जाते, आणि समाजविज्ञानासाठी नेमलेला माणूस जूनमध्ये गणित, पावसाळ्यात मराठी व परीक्षा जवळ आली की सर्व काही शिकवू लागतो. याचे खापर केवळ भाषिक दुजाभावावर फोडणे आम्हांस मान्य नाही. शेजारच्या कन्नड शाळेतील आमचे स्नेही हेच रडगाणे कन्नडात गात असत.

परिपत्रकांची कन्नड ही मात्र स्वतंत्र शाळाच आहे. नवा मराठी शिक्षक तिला बिचकतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात येते की तिच्यातले निम्मे पाहुणे आपल्या ओळखीचे आहेत. हाजरी, अर्जी, रजे, दाखले, जिल्ले, तालूकु, बाकी हे सारे शब्द फारसी-अरबीतून आले आणि दोन्हीकडच्या कचेऱ्यांत स्थिरावले. कादंबरीला कन्नडातही कादंबरीच म्हणतात. पण ओळखीचा चेहरा दिसला म्हणून माणूस तोच असेल असे नाही. परिपत्रकातला ‘अवकाश’ म्हणजे संधी. मराठीतल्यासारखा सवडीचा वेळ किंवा मोकळी जागा नव्हे. ‘विचार’ म्हणजे बाब, मुद्दा. ‘उपन्यास’ हिंदीत कादंबरी होतो, तर कन्नडात व्याख्यान. ज्याने हे भेद एकदा वहीत उतरवून घेतले, त्याला कन्नड कागदाची भीती उरत नाही. आणि भीती गेली की रागही पुष्कळसा ओसरतो, असा आमचा अनुभव आहे. सरकारी कागद मराठीतही मिळावेत ही मागणी न्याय्यच आहे. ती करणाऱ्याला कन्नड वाचता येत असेल, तर मागणीला वजन येते.

एका अक्षराची गोष्ट येथेच सांगून टाकतो. पटावर ज्ञानेश्वर नावाचे मूल असले की नव्या शिक्षकाने सावध व्हावे. मराठी माणूस ‘ज्ञ’चा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, म्हणून रोमन लिपीत ते नाव ‘डी’ने सुरू होते. कन्नड उच्चारात तो ‘द’ नाही. तेथे ते नाव ‘जे’ने किंवा ‘जी’ने सुरू होते. आधार कार्डावर एक, शाळेच्या नोंदीत दुसरे, असे झाले की दहावीनंतर कोल्हापूरला प्रवेशासाठी गेलेल्या मुलाला आपण तोच आहोत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते. नोंद करण्यापूर्वी आधार कार्ड मागून घेणे एवढे साधे काम आहे. पण त्यासाठी नावातल्या अक्षराचे दोन उच्चार ठाऊक असावे लागतात.

आता वर्गात येऊ.

या भागातील मूल ‘मी जातो आहे’ असे म्हणत नाही. ‘मी जाऊलो’ म्हणते. ‘काय करतो आहेस’ हे ‘काय करूलास’ असे होते. आणि मुलगी असो वा मुलगा, ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी येतो’ हीच रूपे तोंडी असतात. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात आजीपासून नातीपर्यंत साऱ्या बायका असेच बोलत आल्या आहेत. पुण्या-मुंबईकडचा माणूस हे ऐकून हसतो, आणि हसणे हा त्याचा हक्क आहे असे समजतो.

आमच्या पहिल्या वर्षी १५ ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर सहावीतली एक मुलगी भाषणास उभी राहिली. सर्व मुलांत ती बोलकी. “मी आज तुम्हांला दोन शब्द सांगतो,” अशी तिने सुरुवात केली. पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ मराठीचे मोठे अभिमानी. त्यांनी मधेच ध्वनिक्षेपक हाती घेऊन विचारले, “बाळ, तू मुलगा आहेस की मुलगी?” मंडप हसला. मुलीने भाषण पुरे केले, खाली बसली, आणि त्यानंतर दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत वर्गात तिने आपणहून तोंड उघडले नाही. उत्तरे वहीत अचूक असत. विचारले की मान खाली.

त्या गृहस्थांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पण त्यांनी जी चूक दाखविली ती चूकच होती का, हे पाहिले पाहिजे. प्रमाण मराठीत बाई ‘आम्ही आलो’ म्हणते, तेव्हा कोणीही तिला पुरुष समजत नाही. अनेकवचनात प्रथमपुरुषी क्रियापदाचे लिंग आपण केव्हाच सोडून दिले आहे. या पट्ट्यातल्या बोलीने ते एकवचनातही सोडले, इतकेच. आणि शेजारची कन्नड पाहावी: ‘नानु बंदे’ हे ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ या दोहोंसाठी एकच रूप आहे. प्रथमपुरुषी क्रियापदाला तेथे लिंग नाही. शतकानुशतके दोन्ही भाषा एकाच बाजारात वावरल्या, त्याची ही खूण असावी असे आम्हांस वाटते. मराठीने कन्नडाकडून तूप घेतले, अण्णा आणि अक्का घेतले, आणि त्यांपैकी एकालाही आपण अशुद्ध म्हणत नाही. मग सहावीतल्या पोरीचा ‘सांगतो’ तेवढा अशुद्ध कसा ठरतो?

तरीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘सांगते’ लिहावे लागणार, आणि ते तिला आलेच पाहिजे. बोलीचे प्रेम दाखवून मुलाला प्रमाणभाषेच्या दारात अडवून ठेवणे हाही एक प्रकारचा अन्यायच. प्रश्न क्रमाचा आहे. घरचे रूप खोडून पुस्तकातले रूप लिहावयाचे, की घरच्या रूपाशेजारी पुस्तकातले रूप ठेवावयाचे?

दसऱ्यानंतर आम्ही वर्गात एक जाड वही ठेवली. प्रत्येक पानावर तीन रकाने: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द, कन्नड शब्द. नियम एकच. पहिला रकाना शिक्षकाने भरावयाचा नाही. मुलांनी घरून शब्द आणावेत. पहिल्याच दिवशी ‘हुडकणे’ आला. त्याच्यासमोर ‘शोधणे’, आणि तिसऱ्या रकान्यात कन्नडातला ‘हुडुकु’. तो पाहताच मागच्या बाकावरचा मुलगा ओरडला, “सर, ह्यो तर आमचाच की!” ‘माळवं’ आले, त्यासमोर ‘भाजीपाला’. ‘कोरड्यास’ आले, त्याला पुस्तकी प्रतिशब्द कोणता, यावर अर्धा तास वाद झाला आणि तो रकाना अजून रिकामा आहे.

‘नट्टी’ या शब्दाने आम्हांस सर्वाधिक शिकविले. जुलैत पाऊस धरला की भाताची रोपे काढून चिखलात लावतात, ती नट्टी; कन्नडातील ‘नाटि’शी तिचे नाते उघड आहे. त्या आठवड्यात वर्ग निम्मा रिकामा असतो. हजेरीपटावर ती गैरहजेरी म्हणून नोंदली जाते; मुलाच्या घरी मात्र ते काम असते. शेतीवरच्या पाठात हे काम पुस्तकी शब्दांत आले की वर्गातली मुले निमूटपणे ते पाठ करतात. ‘म्हणजे आपली नट्टी’ एवढे तीन शब्द उच्चारले की तीच मुले रोपाची उंची किती असावी, दोन रोपांत अंतर किती ठेवावे, हे शिक्षकाला सांगू लागतात.

गणितातही भाषाच आडवी येते, ही गोष्ट आम्हांस नवी होती. मराठी ‘पंचवीस’मध्ये पाच आधी आणि वीस नंतर, कन्नड ‘इप्पत्तैदु’मध्ये वीस आधी, पाच नंतर, म्हणजे आकडा लिहितात त्याच क्रमाने. त्यात ‘एकोणसाठ’ आले की भलभले मूल ६९ लिहून मोकळे होते. बाजारात कन्नड आकडे ऐकणारे आणि वर्गात मराठी आकडे म्हणणारे मूल दोन्ही क्रम मनात वागवीत असते. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ या धर्तीवर संख्यावाचन आले, तेव्हा केवढे काहूर उठले होते! सीमेवरच्या शिक्षकाला त्या वादात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. आम्ही फळ्यावर दोन्ही वाचने लिहू लागलो, एवढेच.

वही भरत होती; पट मात्र भरत नव्हता. सरकारी शाळेत शिक्षकाचे भवितव्य पटसंख्येवर टांगलेले असते. मुले घटली की शिक्षक ‘हेच्चुवरि’, म्हणजे अतिरिक्त, ठरतो आणि त्याची दुसरीकडे रवानगी होते. शिक्षक गेला की उरलेले पालकही मुले काढतात. २०१९-२० पासून कर्नाटक सरकारने एक हजार सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू केले; खासगी शाळांच्या पिवळ्या गाड्या तर त्यापूर्वीच गावात येत होत्या. एप्रिलमध्ये आम्ही घरोघर फिरलो. त्या मुलीच्या आईने चहा पुढे केला आणि सरळ विचारले, “सर, मराठीत शिकून म्होरं काय हो? धाकटीला इंग्लिश शाळेत घालतो म्हणतो बघा.”

या प्रश्नावर अस्मितेचे व्याख्यान देणे सोपे आहे. त्या माउलीला ते नको होते. तिला दोन मुलींच्या पोटापाण्याचे उत्तर हवे होते, आणि संपूर्ण उत्तर आमच्यापाशी नाही. दहावीनंतर मराठी माध्यमाची वाट अरुंद होते, हे आम्ही लपविले नाही. “धाकटीला कुठेही घाला,” आम्ही म्हणालो, “पण आधी एक दिवस थोरलीच्या वर्गात येऊन बसा.” ती आली. मागच्या बाकावर पदर सावरून बसली. त्या दिवशी वहीतले पान वाचण्याची पाळी थोरलीची होती. आईकडूनच ऐकलेले सहा शब्द तिने वाचले आणि प्रत्येकासमोरचे पुस्तकी व कन्नड शब्द फळ्यावर लिहिले. एका शब्दावर आईने मागूनच तिला दुरुस्त केले, “तसं न्हवं ते, मी काय सांगितलो व्हतो?” वर्गातले कोणीही हसले नाही.

जूनमध्ये धाकटी पहिलीत आली. तिच्यासोबत त्याच गल्लीतली आणखी दोघे. थोरली आता सातवीत आहे. परवाच्या निबंधात तिने ‘मी आजीबरोबर शेतात गेले’ असे लिहिले आहे, आणि पुढच्या ओळीत अवतरणचिन्हे घालून आजीचे वाक्य: ‘मी म्होरं जाऊलो, तू सावकाश ये.’ त्या वाक्याखाली आम्ही लाल रेघ ओढलेली नाही. निबंधात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या, त्या मात्र दाखविल्या आहेत.