चि. जपान्यास



तुझं खरं नाव इथे लिहीत नाही. गावात तरी ते कोण घेतं? मार्कंड्याच्या घाटापासून चामोर्शीच्या एसटी स्टँडपर्यंत तू 'जपान्या'च. मोबाइलवर 'नारुतो' पाहतोस, महाशिवरात्रीच्या जत्रेत कपाळाला त्या पानाच्या खुणेची पट्टी बांधून हिंडतोस, वहीच्या मागच्या पानांवर काताकाना ही जपानी लिपी गिरवतोस, एवढ्यावर तुझं बारसं उरकलं. "काहून बे जपान्या, बुलेट ट्रेननं आला का आज?" असं कुणी म्हटलं की तूही हसतोस. नागपूरला शिकायला गेलास तेव्हा मात्र हसू आलं नसणार. तिथल्या पोरांनी तुला 'वीब' म्हटलं. गावच्या नावात निदान थट्टेची माया तरी होती. या शब्दात सरळ ठपका आहे : याचं स्वतःचं काही नाही, दुसऱ्याचं अंगावर घालून मिरवतो.

या ठपक्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. एका अमेरिकी हास्यचित्रपट्टीत काहीही अर्थ नसलेला शब्द म्हणून 'वीआबू', म्हणजे 'वीब'चं मूळ रूप, आला. टिंगलखोरांनी तो उचलून जपानच्या गोऱ्या चाहत्यांना चिकटवला, आणि फिरत फिरत तो वैनगंगेकाठच्या सावळ्या पोरावर येऊन बसला. तू अभिमानानं मिरवतोस ते 'ओताकू' हे बिरुदही जन्मानं शिवीच. आकिओ नाकामोरी नावाच्या लेखकानं १९८३मध्ये एका मासिकात मांगावेड्या, म्हणजे जपानी कॉमिक्सवेड्या, तरुणांची टर उडवताना ते वापरलं. १९८९मध्ये लहान मुलींचे खून करणारा एक तरुण पकडला गेला, त्याच्या खोलीत व्हिडिओ कॅसेटींचा ढीग सापडला, आणि मग तिकडच्या आईबापांना ओताकू म्हटलं की धडकी भरू लागली. पुढे त्याच वेडावर अब्जावधी येन मिळतात हे लक्षात आल्यावर सरकारनंच 'कूल जपान' म्हणून त्याचं दुकान थाटलं. तेव्हा जपानची आवड असणं जपानातसुद्धा कधी लाजेची गोष्ट होती, कधी धंद्याची. तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

मला खटकतं ते निराळंच. आपल्याकडे जपानचे चाहते काय कमी आहेत? रोज सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर जपानी शिस्तीचा संदेश पाठवणारे एक निवृत्त काका प्रत्येक घराण्यात असतात. तिकडची मुलं शाळा स्वतः झाडतात. तिकडे गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वे कंपनी माफी मागते. (हे खरं आहे, नोव्हेंबर २०१७मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसनं मागितली होती.) काकांच्या टेबलावर 'इकिगाई' असतं आणि ते प्रत्येक लग्नात तेच पुस्तक आहेर म्हणून देतात. दोन स्पॅनिश माणसांनी लिहिलेलं पुस्तक वाचून आपण जपान जाणला असं त्यांना वाटतं. तू तीनशे भाग जपानी आवाजात ऐकून कान तयार केलास, तरी काका अभ्यासू आणि तू कार्टून.

याहून मोठं उदाहरण देतो. तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्व्यांच्या हाती आली. जिन्झो नारुसे यांनी ते विद्यापीठ १९०१मध्ये काढलं होतं. पुस्तिकेनं अण्णांच्या डोक्यात असं घर केलं की १९१५मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तसंच विद्यापीठ इथे हवं म्हणून मांडणी केली, आणि १९१६मध्ये ते काढूनही दाखवलं. आजचं एसएनडीटी ते हेच. तेव्हा अण्णांनी जपान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. तू पाहिला नाहीस तसाच. पुढे शिरीष पैंनी जपानी हायकू मराठीत रुजवला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर बाग झाली आणि तिला 'पूर्वरंग' लिहिणाऱ्या पु. ल. देशपांड्यांचं नाव मिळालं. यांतल्या कुणाला उसनवारीचा ठपका लागला? उलट रसिक, द्रष्टे, व्यासंगी अशी विशेषणं लागली, आणि ती योग्यच होती.

मग तुलाच का? मला वाटतं, तुझ्या पत्त्यामुळे. गडचिरोली जिल्ह्याचा म्हटलं की समोरचा आधी नक्षलवाद्यांचं विचारतो, मग वाघाचं. नोकरदार मंडळी इथल्या बदलीला शिक्षा म्हणतात. झाडीतल्या पोरानं मोहफुलाबद्दल, बांबूबद्दल, फार तर पोलीस भरतीबद्दल बोलावं अशी अपेक्षा असते. त्यानं जपानी दिग्दर्शक माकोतो शिनकाईच्या सिनेमातल्या पावसाबद्दल बोलायला सुरुवात केली की ऐकणाऱ्याची घडी विस्कटते, आणि ती नीट करायला तो पटकन एक नाव ठेवून देतो. पुण्याची मुलगी हेच बोलली तर तिला जपानी भाषेच्या वर्गाचा पत्ता देतात. त्याच शिनकाईचा 'वेदरिंग विथ यू' २०१९मध्ये भारतातल्या थिएटरांत लागला तो चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली म्हणून. त्या सह्यांत गावखेड्यातली पोरं नव्हती असं कुणी सांगावं?

चिकटलेलं नाव काय करतं हे तुला मार्कंड्यात राहून मी सांगायला नको. आपल्या देवळांना 'विदर्भाची काशी' म्हणतात, 'मिनी खजुराहो' म्हणतात. गौरव म्हणूनच म्हणतात, पण पाहुणा येतो तो खजुराहो शोधत येतो, भिंतीवरची दोन-चार शिल्पं हेरतो, फोटो काढतो आणि जातो. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते म्हणून हे क्षेत्र, वीज कोसळून मोठ्या देवळाची पडझड झाली तरी पूजा चालू राहिली, १८७०च्या दशकात ब्रिटिश अधिकारी कनिंगहॅम इथे आला आणि या देवळांवर भाळला, यातलं त्याच्या कानावर काही पडत नाही. (कनिंगहॅमलाही कुणी 'भारतवेडा' म्हणून हसलं नाही. साहेबाच्या वेडाला पुरातत्त्व म्हणतात.)

आता या देवळातल्या गोष्टीकडे ये. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला मार्कंडेय पिंडीला मिठी मारून बसतो, यमाचा पाश पडतो, आणि शंकर यमालाच लाथाडतो. हा यम बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात पोचला आणि 'एन्मा' झाला. खोटं बोललास तर एन्मा जीभ उपटेल, अशी भीती तिकडे पोरांना घालतात. 'ड्रॅगन बॉल'मध्ये तहसीलदारासारखा टेबलामागे बसून मेलेल्यांचा निकाल लावणारा तो दाढीवाला राक्षस तू पाहिला आहेस. तो आपलाच यम. ज्यानं त्याला लाथाडलं त्या शंकराचं महाकाल रूपही तिकडे गेलं. त्याचा 'दाइकोकुतेन' झाला : हसरा, गुबगुबीत, हातात हातोडी आणि पायाखाली तांदळाची दोन पोती. आपल्या धानाच्या मुलखात तो आला असता तर धान खरेदी केंद्रावरच त्याची स्थापना झाली असती. सरस्वती 'बेन्झाइतेन' होऊन बिवा वाजवते, गणपती 'कांगितेन' होतो आणि तोक्योच्या आसाकुसातल्या एका देवळात त्याला मुळे वाहतात. नाराच्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे ७५२मध्ये उघडले ते बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून; तो ७३६मध्ये तिथे पोचला होता. जपान हा देशच कधी काळी परदेशी संस्कृतीचा मोठा चाहता होता. त्यानं उचललं, बदललं, आणि आपलं करून टाकलं.

आधुनिक काळात असं कुणी केलं की आपण मात्र बिथरतो. युगो साको नावाच्या जपानी माणसानं राम मोहन यांच्यासोबत रामायणावर ॲनिमेशनपट करायला घेतला तेव्हा परदेश्यानं रामाचं कार्टून करू नये, असा आक्षेप इथून घेतला गेला. सिनेमा शेवटी जपानातच तयार झाला. नव्वदच्या दशकातली मुलं तो टीव्हीवर पाहून मोठी झाली आणि जानेवारी २०२५मध्ये तोच सिनेमा इथल्या थिएटरांत लागला तेव्हा तीच मुलं आपापली पोरं घेऊन गेली.

नागपूरची गोष्ट आणखी वेगळी. ओकायामाकडचे एक भिक्षू १९६०च्या दशकात नागपुरात आले आणि इथलेच झाले. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, दीक्षाभूमीवर हजारोंना धम्मदीक्षा दिली, मनसरच्या टेकडीवर उत्खनन व्हावं म्हणून धडपडले. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ला चांद्यात दीक्षा दिली. त्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कितीतरी घरांना जपान म्हणजे आधी ससाई भंतेजी, मग टोयोटा. या माणसाला 'भारतवेडा जपानी' एवढंच म्हणून कुणी बाजूला सारलं नाही, कारण आल्यावर तो इथल्या कामाला लागला.

इथवर तुझी बाजू घेतली. आता तुझी एक खोड सांगतो, राग आला तरी चालेल. तुला नावं ठेवतात, आणि तू गावाला ठेवतोस. दर दुसऱ्या वाक्यात 'जपानमध्ये असं नसतं'. एसटी उशिरा आली, जपान. घाटावर कचरा दिसला, जपान. तू काबुकीतल्या ओन्नागाताचं, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष नटाचं, कौतुक सांगत होतास तेव्हा मी ऐकत होतो. छान सांगतोस. पण आपल्या दंडार या लोकनाट्यात पुरुषांनी लुगडं नेसून पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्या रात्रभर नाटकं करतात आणि तिकीट काढून गावंच्या गावं लोटतात. कुरखेड्याकडच्या परशुराम खुण्यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली ती याच झाडीपट्टी रंगभूमीसाठी. तू मात्र मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकाला 'गावठी' म्हणून जात नाहीस. हाच शब्द नागपूरच्या पोरांनी तुझ्यासाठी वापरला असता तर?

जपानवर जीव आहे तर जपानचे वाकडे-तिकडे कोपरेही पाहा. तिथे कामाच्या ओझ्यानं मरण येतं, त्याला स्वतंत्र नाव आहे : कारोशी. तिथली खेडी ओस पडताहेत, घरं कुलूपबंद आहेत. तुझे लाडके ॲनिमेशन कलाकार अनेकदा तुटपुंज्या मोबदल्यावर राबतात. हे कळल्यावरही आवड टिकली तर ती पक्की समज. आणि आवडीला कष्टाची जोड दे. नित्य वापराची म्हणून सरकारनं ठरवलेली कांजी अक्षरं २,१३६ आहेत. तू अजून काताकानात अडकला आहेस. भाषेची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, सगळ्यांत खालची पायरी एन-५. तिथून सुरू कर.

पुढे खरंच तिकडे गेलास तर नवं नाव तयार आहे, 'गाइजिन', म्हणजे बाहेरचा. लाफकाडिओ हर्न १८९०मध्ये तिथे गेला, तिथल्या बाईशी लग्न केलं, १८९६मध्ये कोइझुमी याकुमो या नावानं जपानी नागरिक झाला, तिथल्या भुताखेतांच्या गोष्टी लिहून अजरामर झाला. तरीही त्याची ओळख सांगताना त्याचा परदेशी जन्म आधी सांगतात. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक जपानी नागरिक झाले, २०१९मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, पुढे इबाराकीतल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. बातम्यांत ते 'भारतीय वंशाचे'च असतात. त्यांनी त्यावर हटून बसण्यापेक्षा निवडणूक लढवली, हे मला आवडलं.

तुझी एक चूक काढून पत्र संपवतो. परवा तू म्हणालास की इथे गावात जपानचं काही म्हणून काही नाही. पण १९५३पासून देशभर 'जपानी पद्धतीची भातशेती' ही सरकारी मोहीम चालली. ओळीनं रोवणी करायला शेतकऱ्याला त्यात शिकवलं. त्याला कुणी जपान्या म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि तुझ्या घरी रोज शिजतो तो एचएमटी तांदूळ? नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांना १९८३मध्ये आपल्या शेतातल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यातून निवडत निवडत त्यांनी हे वाण उभं केलं. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, म्हणून तांदळालाही तेच नाव पडलं. ते घड्याळ १९६१मध्ये भारतात बनायला लागलं ते जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं. दादाजी फारसं शिकलेले नव्हते, विद्यापीठाचे संशोधकही नव्हते, आणि २०१८मध्ये गडचिरोलीतच 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात वारले. त्यांच्या हयातीत लोकांनी त्यांनाही काय काय म्हटलं असेल ते तू विचारून ये. नांदेड काही तोक्योइतकं लांब नाही.

घरच्यांना नमस्कार सांग.

ता. क. ऑनलाइन मागवलेल्या त्या जेवायच्या प्लास्टिकच्या काड्या टाकून दे. बुरडाकडे जा, बांबूच्या करून घे, आणि घासाघीस करू नकोस. एचएमटीचा मोकळा भात त्यांनी उचलला जाणार नाही, त्याला जपानी चिकट तांदूळ लागतो. भात हातानंच खा, काड्यांनी झुणका उचलून पाहा.