पहिले पिस्तूल

ह्यूस्टनला रात्रपाळी संपवून एकटीने चाळीस मिनिटे गाडी चालवत घरी यायचे, तर सोबत शस्त्र असावे का, हा प्रश्न आम्हा उभयतांना पुण्यात पडला नसता. एच-१बी व्हिसावर होतो तोवर कायदाच आड येई; ग्रीन कार्ड आल्यावर ती सबब सरली. टेक्ससमध्ये स्वतःच्या गाडीत पिस्तूल झाकून ठेवायला २००७ पासून परवानाही लागत नाही.

दुकानदाराने दोन नमुने मांडले. एक ०.३८ चे पाच गोळ्यांचे छोटे रिव्हॉल्व्हर. वापरायला सोपे, पण चाप जड आणि वजन कमी असल्याने धक्का जबर. दुसरे पंधरा गोळ्यांचे ग्लॉक १९. नेम सुखाने लागतो, मात्र वेगळा खटका नसल्याने चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर अनिवार्य.

हे सारे उभ्या माणसाचे हिशेब. गाडीत बसल्यावर उजव्या कमरेचे पिस्तूल नेमके सीटबेल्टच्या बकलाखाली दबते. डॅशबोर्डच्या खणात ठेवावे तर काच फोडणाऱ्या चोराची सोय. सीटखाली सरकवावे तर मागच्या खुर्चीत आमचे चार वर्षांचे कुतूहल बसलेले! (दुकानदाराने यावर छोटी तिजोरी सुचवली. ती घाईत उघडायची कशी, हे विचारल्यावर तो नुसता हसला.)

आमच्यातल्या एकाला अजूनही ग्लॉक हवे आहे. जिला गाडी चालवायची आहे ती मात्र सध्या दारे लावून घेते आणि सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाके दिसतील इतके अंतर राखून थांबते.