तवसाळच्या अलीकडे

रेनकोट या वस्तूवर माझा काडीचा विश्वास नाही. कोकणातला एखादा चढ तो घालून चढून पाहा. बाहेरचा पाऊस अडतो, पण आत घामाच्या धारा लागतात आणि माथ्यावर पोचेपर्यंत माणूस तितकाच ओला होतो, शिवाय उकडून निघतो ते वेगळंच. म्हणून अलिबागहून सायकलने किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला निघालो तेव्हा तो घरीच ठेवला. कोरडे कपडे दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत करकचून बांधले आणि अंगावरचे भिजणारच, हे पहिल्याच दिवशी मान्य करून टाकलं. जुलैतला कोकणचा पाऊस तसा गार नसतो. पाय फिरताहेत तोवर थंडी वाजत नाही. वाजते ती थांबल्यावर.

मुरूड, श्रीवर्धन, हर्णै ओल्या अंगानेच मागे पडलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळे समुद्र एकाच राखाडी रंगाचे होते आणि सगळ्या हॉटेलांतली सोलकढी सारखीच गुलाबी होती.

दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना मात्र मला अफनासी निकितीन आठवला. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा. जुन्नरला पोचला आणि पावसाळ्यात अडकला. चार महिने पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्यात तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, मगच देतो, म्हणाला. कुणाच्या तरी रदबदलीने घोडा परत मिळाला. बऱ्याच भटकंतीनंतर हा माणूस परतीच्या जहाजात बसला तो या दाभोळहून. आज तिथे बंदराची ऐट काही उरलेली नाही. मासळीचा वास, दोन रिक्षा आणि छत्री उलटी झालेला एक माणूस. निकितीनचा मला त्या दिवशी थोडा हेवाच वाटला. घोडा पंक्चर होत नाही.

कारण पलीकडे धोपाव्याला उतरून चढ लागतो न लागतो तोच माझी पहिली हवा गेली. जवळची जादा ट्यूब तिथे खर्ची पडली. (एन्रॉनच्या त्या गाजलेल्या वीज प्रकल्पाला नाव दाभोळचं मिळालं, पण तो आहे या बाजूला, अंजनवेलला. ट्यूब बदलताना तोच विचार करत होतो.) गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी. हेदवीच्या पुढे सड्यावर आलो आणि मागचं चाक पुन्हा बसलं.

पावसात पंक्चर जास्त होतात, हा निव्वळ वैताग नाही. पाण्याने काचेची कच, काटे रस्त्याच्या कडेला वाहून येतात आणि ओलं रबर चटकन कापलं जातं. रबर कापणारे पातं पाण्यात बुडवून घेतात ते उगाच नाही. आता ट्यूबला पॅच लावायचा तर ती कोरडी हवी. वर आभाळ फाटलेलं, आजूबाजूला जांभ्याचा उघडा सडा, झाड म्हणून नाही. खाली उतारावरच्या खाचरांत लावणी चालली होती. बायका पाठीवर निळे, पिवळे प्लॅस्टिकचे कागद बांधून ओणव्या झालेल्या. बांधावर एक आजोबा उभे होते, डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं घेतलेले.

"हवा गेली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आता?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी भोक तर सापडायला हवं. एरवी ट्यूब कानाशी धरली की फुसफुस ऐकू येते. पावसाच्या त्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

"ह्यात बुडव," म्हणत त्यांनी खाचराकडे बोट केलं. बुडवली. पण पाऊस पडत असलेल्या पाण्यात बुडबुडा ओळखायचा कसा? प्रत्येक थेंब आपला बुडबुडा काढत होता. आजोबांनी डोक्यावरचं इरलं काढलं आणि माझ्या हातांवर आडवं धरलं. स्वतः भिजत उभे राहिले. इरल्याखाली पाण्याचा परातीएवढा तुकडा एकदम शांत झाला. ट्यूब थोडी फिरवली, आणि व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावरून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक वर येऊ लागले.

"बोट काढू नको," ते म्हणाले. ओल्या रबरावर पेन उमटत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांना कसं ठाऊक, कोण जाणे. भोकावर अंगठा दाबून मी त्यांच्यामागून घरापर्यंत चालत गेलो. सायकल त्यांनी ढकलत आणली.

पडवीतच आजींनी मला थांबवलं. आधी पंचा फेकला, मग विचारलं, "घरी कोण नाय काय तुला?" आहेत म्हटलं तर, "मग त्यांनी सोडलं कसं?" ट्यूब त्यांनी माझ्या हातून काढून घेतली आणि चुलीच्या वैलावर, धगीपासून हातभर लांब, उलटसुलट करत वाळवली. पापड भाजावा तितक्या सहज. मी पॉलिश पेपरने जागा घासली, सोल्युशन लावलं. आता ते सुकेपर्यंत थांबायचं. रस्त्यावरच्या दुकानांत घाईने ओल्यावरच पॅच दाबतात आणि दहा किलोमीटरवर तो निघतो.

सोल्युशन सुकेपर्यंत जेवण. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि चुलीत भाजलेली सुकी मासळी. कुळथाला मी एरवी नाक मुरडतो. शहरातल्या खानावळीत तो खरकट्या पाण्यासारखा लागतो. इथे लसणाची फोडणी होती, आमसुलाचा आंबटपणा होता आणि वाटीतून वाफ निघत होती. दोनदा मागून घेतली. आजींनी तिसऱ्यांदा न विचारता वाढली.

इरलं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, आत दाटीने बसवलेली पानं. हात मोकळे राहतात, खालून वारा खेळतो, घाम धरत नाही. पण ते ओणव्या माणसासाठीच बेतलेलं आहे. ताठ उभं राहिलं की पाऊस समोरून अंगावर येतो. सायकलवाला ओणवाच असतो, असा मुद्दा मी काढला. आजोबांनी लगेच ते माझ्या डोक्यावर घातलं. अंगणात सायकलीवर अर्धी फेरी मारली, तेवढ्यात वाऱ्याने इरलं उचललं आणि मी तुळशीशी जाऊन थांबलो. लावणीच्या बायका जेवायला आल्या होत्या. त्यांची चांगलीच करमणूक झाली. हे इरलं ज्यांनी विणलं ते गावातले गृहस्थ आता नाहीत, आणि नवं कुणी विणत नाही. कागद स्वस्त पडतो, त्या म्हणाल्या.

निघताना पैसे पुढे केले तर आजींचा चेहराच बदलला. मागच्या पडवीत नेऊन त्यांनी नातवाची सायकल दाखवली. दोन्ही चाकं बसलेली. "तुला येतंय ना? मग हिची पण कर." केली. तिला तीन पॅच लागले.

तवसाळला पोचलो तेव्हा वाऱ्यामुळे फेरी बंद झाली होती. रात्र धक्क्याजवळच्या एका पडवीत काढली. पुढे जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, आणि तेरेखोलची खाडी ओलांडून गोवा.

जुलैत त्या अंगाला सायकलने जाणार असाल तर पॅच आणि सोल्युशन फक्त स्वतःपुरतं नेऊ नका. सड्यावरच्या घरांत हवा गेलेल्या सायकली असतात आणि पंक्चरचं दुकान लांब असतं.